रोजचं जेवण नोंदवायला मस्त ॲप, पण टक्के नीट समजून घ्या (४ स्टार)

बरेच महिने वापरतेय, घरचंच जेवण टाकते, भाकरी, वरण, उसळ, दही, आणि एकूण समाधानी आहे. पण उघडल्या उघडल्या जो गोल चार्ट दिसतो ना, कार्ब्स, प्रोटीन, फॅट एवढे एवढे टक्के, तिथे नवीन माणूस हमखास गोंधळतो आणि ॲप त्याबद्दल कुठेच काही सांगत नाही, म्हणून इथे लिहितेय.

ते टक्के वजनाचे नाहीत, कॅलरीचे आहेत. १ ग्रॅम प्रोटीन किंवा कार्ब्समधून ४ कॅलरी मिळतात आणि १ ग्रॅम फॅटमधून ९. आता फुल क्रीम दुधाच्या पिशवीवर ६ टक्के फॅट लिहिलेलं असतं, तेच दूध ॲपमध्ये टाकलं की फॅट ६० टक्क्यांच्या आसपास येतं, आणि लोकांना वाटतं ॲप गंडलंय. नाही गंडलेलं. १०० ग्रॅम दुधात ६ ग्रॅम फॅट म्हणजे ५४ कॅलरी, अख्ख्या दुधाच्या कॅलरी साधारण ८५ ते ९०, उरलेलं बरंचसं पाणी आणि पाण्याला कॅलरी नसते. शेंगदाण्याचंही तेच, प्रोटीन भरपूर आहे हे खरंच पण कॅलरीतला ७० टक्क्यांच्या आसपासचा वाटा फॅटचा असतो.

दुसरं म्हणजे टक्के एकमेकांवर अवलंबून असतात, हे तर लक्षात ठेवाच. समजा दिवसात १८०० कॅलरी झाल्या आणि प्रोटीन ६० ग्रॅम, म्हणजे १३ टक्के. दुसऱ्या दिवशी सगळं तेच, फक्त स्वयंपाकात ३० ग्रॅम तेल कमी, तर प्रोटीन थेट १६ टक्क्यांच्या जवळ जातं. पोटात गेलं तेवढंच, ६० ग्रॅमच! त्यामुळे प्रोटीन बघायचं ते ग्रॅममध्ये. आयसीएमआर-एनआयएन या पोषणावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ॲपने मात्र आपणहून २० टक्क्यांचं टार्गेट लावून ठेवलंय, १८०० कॅलरीला ते होतात ९० ग्रॅम, वरण-भात-पोळी खाणाऱ्याला रोज संध्याकाळी लाल पट्टी दिसणार आणि आपलं जेवणच वाईट असं वाटायला लागणार, हे मला अजिबात पटत नाही. बरं, टार्गेट ग्रॅममध्ये टाकायचं तर पैसे भरा म्हणतात. याचाच एक स्टार कापलाय.

आवडलं काय, तर स्वतःची रेसिपी सेव्ह करायची सोय. पिठलं करताना बेसन, तेल, कांदा वजन करून टाकायचं, रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं, झाल्यावर पातेल्यासकट काट्यावर ठेवायचं आणि वजा करायचं, मग ताटात १५० ग्रॅम घेतलं की हिशोब आपोआप. फोडणीचं तेल अंदाजाने टाकू नका, सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो, एक मोठा पळीभर तेल म्हणजे सहज १०० कॅलरीच्या वर.

शोधताना मात्र जपून. "तूरडाळ" टाकलं की वर कच्च्या डाळीची नोंद येते, १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन, आणि आपण वाटीभर शिजलेलं वरण त्यात मोजलं तर आकडा तिपटीच्याही वर जातो कारण वरणात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. लोकांनी स्वतः भरलेल्या नोंदीही खूप आहेत, कुणी एका भाकरीला ७० कॅलरी लिहिल्यात कुणी २००, म्हणून पीठ वजन करून एकदा आपली नोंद बनवा आणि तीच वापरत राहा.

डेव्हलपर वाचत असतील तर ग्रॅमचं टार्गेट फ्री करा आणि डाळींच्या नोंदीपुढे कच्ची की शिजलेली एवढं लिहा, लगेच ५ स्टार देते.