ट्रस्ट करून दहा महिने झाले, त्याचा हिशोब

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या, नावावर घर आणि विमा असलेल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. गेल्या वर्षी वकिलाकडून लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच आपली मालमत्ता ज्याच्या नावावर करतात ती व्यवस्था), मृत्युपत्र, पॉवर ऑफ अटर्नी असं सगळं बाड करून घेतलं.

त्याआधी एका सेमिनारला गेलो होतो. फुकट जेवण आणि "ट्रस्ट करा, इस्टेट टॅक्स वाचवा" असा धोशा. इस्टेट टॅक्स म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर. साध्या लिव्हिंग ट्रस्टने टॅक्स एक डॉलरही वाचत नाही. तो आपण कधीही मोडू शकतो, म्हणून त्यातली मालमत्ता टॅक्सपुरती आपलीच धरतात. प्रोबेट, म्हणजे माणूस गेल्यावर मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, टळतं, हा त्याचा मुख्य फायदा. आमच्या वकीणबाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, तिथेच त्यांच्यावर विश्वास बसला.

मला वाटायचं, इस्टेट टॅक्स आपल्यासाठी नाहीच. केंद्राची सूट 2026 साली माणशी दीड कोटी डॉलर आहे, तिथवर कोण पोचतंय? पण राज्याच्या सुटीची मर्यादा 20 लाख डॉलर. वकीणबाईंनी पिवळ्या कागदावर बेरीज मांडली: घर 11 लाख, 401के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) 4, टर्म इन्शुरन्स 10. झाले 25 लाख! विम्याचे पैसे आपल्या हातात कधीच येत नाहीत, पण पॉलिसी आपल्या नावावर असेल तर ते इस्टेटीत मोजतात. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून मी निम्मंच धरलं होतं. पण बायको ग्रीन कार्डवर. हयात राहणारा जोडीदार नागरिक नसेल तर ज्याच्या पैशातून घर घेतलं, त्याच्या इस्टेटीत ते अख्खं धरतात. नवरा-बायकोत मिळणारी अमर्याद सूटही नागरिक नसलेल्या जोडीदाराला थेट मिळत नाही, त्यासाठी क्यूडॉट नावाचा वेगळा ट्रस्ट लागतो. त्याचं कलम आमच्या कागदात घातलंय. बायको म्हणाली, "त्यापेक्षा मी नागरिकत्वाचा अर्ज भरते." तो भरलाय.

खरा टॅक्स वाचवणारा भाग म्हणजे विम्यासाठीचा वेगळा, मोडता न येणारा ट्रस्ट. जुनी पॉलिसी त्यात टाकली तर तीन वर्षांच्या आत मी गेल्यास ती परत इस्टेटीत धरतात. ट्रस्टनेच नवीन पॉलिसी घेतली तर ही अट नाही. पण माझ्या वयाला हप्ता दुपटीहून जास्त येत होता, म्हणून जुनीच टाकली. थोडक्यात, तीन वर्षं जपून गाडी चालवायची.

हप्त्याचे पैसे मी आधी ट्रस्टला द्यायचे, मग ट्रस्टचे लाभार्थी म्हणून मुलांना पत्र जातं: हे पैसे 30 दिवसांत काढायचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क असतो म्हणूनच ती रक्कम गिफ्ट टॅक्सच्या (दिलेल्या भेटीवरच्या कराच्या) वार्षिक सवलतीत बसते. कॉलेजातल्या लेकीने पत्र वाचलं आणि फोन केला, "बाबा, मग काढू का?" काढू शकते, खरंच! तिला दहा मिनिटं समजावलं. दर वर्षी हेच करायचंय.

वैताग आला तो सह्या झाल्यानंतर. आपली मालमत्ता ट्रस्टच्या नावावर केली नाही, तर ते जाडजूड बाड नुसतं शोभेचं. घराचं डीड रजिस्ट्रीत नोंदवायचं काम वकिलांनी केलं. ट्रस्टला घर दिलं म्हणून गृहकर्ज एकरकमी मागतील, ही माझी भीती फुकट ठरली. आपण त्याच घरात राहत असू तर 1982 च्या कायद्याने बँकेला ते करता येत नाही. 401के मात्र ट्रस्टच्या नावावर करायचंच नसतं, तिथे नॉमिनीचा फॉर्म चालतो आणि तो मृत्युपत्रापेक्षा वरचढ असतो. माझ्या फॉर्मवर अजून आईचं नाव होतं, लग्नाआधीचं.

बँकेची खाती उरली. एका बँकेत दोन फेऱ्यांत काम झालं. दुसऱ्या बँकेने फॉर्म तिसऱ्यांदा परत पाठवलाय, कारण त्यांच्या संगणकाच्या रकान्यात ट्रस्टचं पूर्ण नाव मावत नाही. येत्या शनिवारी पुन्हा जातोय.