मॅक्वीनची ट्रायम्फ, फोंडाची चॉपर, अर्नोल्डची फॅट बॉय की मॅव्हरिकची निन्जा?

सिनेमातली बाइक बघून शोरूमची पायरी चढणारे काही कमी नाहीत, आणि त्यात गैरही काही नाही. मायलेजचा हिशेब मांडून कुणी बाइकच्या प्रेमात पडत नसतं. फक्त पैसे मोजण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: तो सीन पडद्यावर उतरवताना सिनेमावाल्यांनी कुठे लबाडी केली? ती कळली, की ही बाइक रस्त्यावर आपल्याशी कशी वागेल याचा बराच अंदाज येतो. हॉलिवूडच्या चार गाजलेल्या बाइक या कसोटीवर घासून बघू, आणि त्यांच्या घराण्यातलं आज आपल्याकडे काय मिळतं तेही पाहू.

पहिला मान 'द ग्रेट एस्केप'चा (१९६३). युद्धकैद्यांच्या छावणीतून पळालेला स्टीव्ह मॅक्वीन जर्मन सैनिकाची मोटरसायकल हिसकावतो आणि स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर काटेरी तारांच्या कुंपणावरून ती उडवतो. हा सीन थांबवून इंजिनाकडे नीट बघा. जर्मन लष्कराच्या बीएमडब्ल्यूचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर आलेले असतात. इथे बाहेर काहीच आलेलं दिसत नाही, दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी उभे आहेत. कारण ही गाडी जर्मन नाहीच. ही ब्रिटिश ट्रायम्फ टीआर६ ट्रॉफी, ६५० सीसीची, महायुद्ध संपून कितीतरी वर्षांनी कारखान्यातून बाहेर पडलेली. तिला लष्करी रंग फासून जर्मन केलं, कारण युद्धकाळातलं ते अवजड धूड घेऊन असली उडी मारणं कठीण होतं.

दुसरी लबाडी स्वाराची. मॅक्वीन पट्टीचा बाइकस्वार, पण विम्याच्या भानगडीमुळे कुंपणावरची उडी त्याचा मित्र बड एकिन्स याने मारली. उलट पाठलागाच्या काही शॉटमध्ये जर्मन गणवेश घालून मॅक्वीनच मागे लागला आहे, म्हणजे तो स्वतःचाच पाठलाग करतोय! आणि मार्च १९४४ मध्ये ७६ कैदी खरोखर पळाले त्या प्रकरणात मोटरसायकल कुठेच नव्हती. तो मॅक्वीनचा हट्ट.

एवढं सगळं बनावट असूनही बाइकची कामगिरी मात्र अस्सल आहे. बवेरियातल्या फ्युसेनजवळच्या कुरणात उडी मारून ती चाकांवर उतरली, तेही कसल्या तारा-बिरा न बांधता. सिनेमा आल्याच्या दुसऱ्याच वर्षी हे दोघे मित्र पूर्व जर्मनीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत ट्रायम्फच घेऊन उतरले. सोंग घेतलं ते गाडीच्या कपड्यांनी, गाडीने नाही. म्हणून माझं झुकतं माप इकडेच आहे.

त्या घराण्याची थेट लेक म्हणजे बॉनव्हिल टी१२०, १२०० सीसीची. तिची धाकटी टी१०० ही ९०० सीसीची. दोन्ही देखण्या, पण खिसा चांगलाच हलका करणाऱ्या. बहुतेकांसाठी खरा पर्याय चाकणचा आहे. बजाजबरोबर बनवलेली स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत २.३३ लाख होती. तिच्यात दोन नव्हे, एकच सिलिंडर आहे, त्यामुळे जुन्या ट्रायम्फचा आवाज शोधायला जाऊ नका. पण ४० अश्वशक्ती, नेटकी बांधणी आणि गर्दीत सहज वळणारी गाडी हवी असेल तर या पैशात तक्रारीला फारशी जागा नाही. मॅक्वीनचा कच्चा रस्ता डोक्यात असेल तर स्क्रॅम्बलर ४०० एक्स बघा. पुढचं चाक १९ इंची, सस्पेन्शन लांब. सीट मात्र ८३५ मिलिमीटरवर आहे, तेव्हा उंची बेताची असेल तर आधी बसून दोन्ही पाय टेकतात का ते पाहा. मॅक्वीनच्या नावाच्या खास आवृत्त्याही कंपनीने अधूनमधून काढल्या. त्यात निम्मे पैसे सहीचे, असं माझं मत.

गंमत अशी, की १९५३ साली 'द वाइल्ड वन'मध्ये मार्लन ब्रँडो स्वतःची ट्रायम्फ थंडरबर्ड घेऊन टोळीचा म्होरक्या झाला, तेव्हा अमेरिकेतल्या ट्रायम्फच्या आयातदारांनी बदनामी होते म्हणून आक्षेप घेतला होता. आज अशा प्रसिद्धीसाठी कंपन्या रांग लावतील.

आता 'ईझी रायडर' (१९६९). पीटर फोंडाची 'कॅप्टन अमेरिका' ही चॉपर, म्हणजे मूळ गाडी कापून-बदलून केलेली: टाकीवर अमेरिकेचा झेंडा, सरळ पुढे निघालेला लांबलचक फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), आभाळाकडे बघणारं हँडल. जगातल्या सर्वांत देखण्या मोटरसायकलींत हिची गणना होते आणि चालवायला ही तितकीच अवघड. पोलिसांनी लिलावात काढलेल्या हार्लेच्या पॅनहेड इंजिनाच्या गाड्या घेऊन क्लिफ वॉन आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी ती घडवली. सिनेमा गाजला, पोस्टर घराघरांत लागली, आणि या दोघांची नावं मात्र कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत. गाड्यांचं नशीबही तसलंच. सिनेमाच्या शेवटासाठी एक मोडली, उरलेल्या चोरीला गेल्या. २०१४ मध्ये एका 'कॅप्टन अमेरिका'वर लिलावात १३.५ लाख डॉलरची बोली लागली, पण तीच ती खरी का, यावर वाद आहेच.

इथली लबाडी कॅमेऱ्याची. कॅमेरा हिला बहुतेक मोकळ्या, सरळ रस्त्यावर दाखवतो, कारण तिथेच ती शहाण्यासारखी वागते. मागे सस्पेन्शन नाही, चाक थेट फ्रेमला. पुढे ब्रेकच नाही, आणि थांबण्याचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकचं असतं. फोर्क इतका तिरपा की हळू चालवताना हँडल आपोआप एका बाजूला कलंडायला बघतं. टाकी एवढीशी. गल्लीत यू-टर्न घ्यायचा तर दोन-तीनदा मागेपुढे करा.

बरं, हौस म्हणून बनवून घ्यावी तर कायदा आडवा येतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. 'आमच्या ओळखीचा आहे, करून देतो' म्हणणारा गॅरेजवाला आरटीओपुढे किंवा अपघातानंतर विमा कंपनीपुढे तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. त्या थाटाचं काहीतरी कारखान्यातूनच तयार हवं असेल तर रॉयल एनफिल्डची गोवन क्लासिक ३५० आहे. गोव्यातल्या जुन्या बदललेल्या बुलेटवरून सुचलेली, उंच हँडल आणि पांढऱ्या पट्ट्याच्या टायरची. फोंडाची सर तिला नाही, पण पोलिसाने अडवलं तर घाम फुटणार नाही.

'टर्मिनेटर २'मधली (१९९१) फॅट बॉय हा ताकदीचा मामला. १९९० च्या मॉडेलपासून आलेली ही हार्ले, तारांऐवजी भरीव चकत्यांची चाकं, १३४० सीसीचं इंजिन. लॉस एंजेलिसच्या पूरकालव्यात अर्नोल्ड ती वरून उडवतो तो सीन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ट्रायम्फला जे जमलं ते हिला जमणारं नव्हतं. गाडी केबलना टांगून वजन पेललं आणि नंतर संगणकावर त्या केबल पुसल्या. निकाल तिथेच लागतो. (त्याच पाठलागात सिनेमातल्या पोराची छोटी होंडा फोर-स्ट्रोक असून आवाज टू-स्ट्रोकचा लावलाय. कान तयार असलेल्यांना तो अजून टोचतो.)

आजची फॅट बॉय तर तीनशे किलोच्या वर, मागचं टायर २४० मिलिमीटर रुंद आणि किंमत पंचवीस लाखांच्या पुढे. एवढं रुंद टायर वळणात आत झुकायला नाखूश असतं, पोट स्पीडब्रेकरला लागतं आणि सिग्नलवर इंजिनाची धग मांडीला जाणवते. पहाटेचा रिकामा महामार्ग आणि भरलेलं बँक खातं असलेल्यानेच घ्यावी. हीरो कंपनीबरोबर बनवलेली हार्ले एक्स४४० स्वस्तात बॅज देते. बाइक वाईट नाही, पण एका सिलिंडरच्या गाडीत व्ही-ट्विनची (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरची) धडधड शोधलीत तर हिरमोड ठरलेला.

उरली 'टॉप गन'मधल्या (१९८६) मॅव्हरिकची, म्हणजे टॉम क्रूझची, कावासाकी जीपीझेड९००आर. हिच्या बाबतीत लबाडी शोधून सापडत नाही. कंपनीची नावं झाकून टाकीवर लष्करी स्टिकर लावले, बस्स. धावपट्टीशेजारून टॉम क्रूझ विमानाबरोबर पळतो, तेवढा दम गाडीत होताच. ९०८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, पाण्याने थंड होणारं इंजिन, ११५ अश्वशक्ती, ताशी २४० किलोमीटरच्या पुढचा वेग. निन्जा हे नाव मिरवणारी पहिली मोठी कावासाकी हीच. २०२२ च्या पुढच्या भागातही ती जुनी गाडी ताडपत्रीखालून बाहेर येते. हेल्मेटशिवाय चालवण्याचा त्याचा आदर्श तेवढा घेऊ नका.

जीपीझेड शर्यतीची गाडी नव्हती, लांब पल्ल्याला नेता येणारी वेगवान गाडी होती. म्हणून तिची वारस कावासाकीची शर्यतीच्या थाटाची झेडएक्स-१०आर नव्हे, निन्जा ११००एसएक्स. 'मॅट्रिक्स रिलोडेड'मधल्या डुकाटी ९९६ ची मोहिनी पडलेल्यांनाही मी हेच सांगेन. तशी वाकून चालवायची गाडी तासाभरात मनगट धरते. बजेट लहान असेल तर निन्जा ३०० आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के जीएसटी झाल्याने तिचं पारडं जरा जड झालंय. डिझाइन जुनं, पण दोन सिलिंडर या किमतीत सहसा मिळत नाहीत.

एकट्याने फिरणार असाल तर स्क्रॅम्बलर ४०० एक्स, यावर मी ठाम आहे. पण मॅक्वीनच्या मागे कुणी बसलेलं नव्हतं, आणि क्रूझच्या मागे नायिका केली मॅकगिलिस आहे. घरचं माणूस मागे बसणार असेल आणि पैसे पुरत असतील तर ११००एसएक्स बघा. पैसे पुरत नसले तर जी परवडेल तिच्या टेस्ट राइडला त्यांनाही सोबत न्या, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा आणि पाठ दुखली का ते त्यांनाच विचारा.