स्टेन्सनचा थ्री-वूड : कॅलवे डायब्लो ऑक्टेन टूर, १३ अंश

कॅलवे या कंपनीने डायब्लो ऑक्टेन टूर हा गोल्फचा थ्री-वूड (लांब फटक्यांचा, ड्रायव्हरच्या खालोखालचा क्लब) बनवणं थांबवून बरीच वर्षं झाली. तरी त्याच्या १३ अंश लॉफ्टच्या हेडची (लॉफ्ट म्हणजे फेस, चेंडूला लागणारी बाजू, मागे किती कललेली आहे तो कोन) चौकशी आजही होते, आणि त्याला कारण एकच माणूस आहे: स्वीडनचा गोल्फपटू हेन्रिक स्टेन्सन. निकाल आधीच सांगून टाकतो. क्लब अस्सल आहे आणि टीवरून (चेंडू खुंटीवर ठेवून होलचा पहिला फटका मारताना) फारच गुणी आहे. पण थ्री-वूडने तुमचा हेडचा वेग ताशी १०० मैलांच्या आसपास जात नसेल, तर स्टेन्सनवरच्या प्रेमापोटी तो घेऊ नका. चेंडू उचललाच जाणार नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. डायब्लो ऑक्टेन आणि डायब्लो ऑक्टेन टूर ही दोन वेगळी हेड आहेत. जाहिरातीत विकणारे ‘टूर’ हा शब्द सरसकट चिकटवतात, त्यामुळे सोलचा (हेडच्या तळाचा) स्पष्ट फोटो मागवा आणि त्यावर तो शब्द व लॉफ्ट दोन्ही वाचून घ्या. या मालिकेच्या ड्रायव्हरसाठी कॅलवेने लॅम्बोर्गिनीच्या सोबतीने फोर्ज्ड कंपोझिट नावाचं कार्बनचं साहित्य वापरलं होतं आणि त्याचा गाजावाजा खूप झाला. थ्री-वूडमध्ये ते शोधू नका. हे हेड स्टीलचं आहे, शाफ्ट (दांडा) होझेलमध्ये, म्हणजे हेडच्या नळीत, गोंदाने चिकटवलेला आहे, लॉफ्ट फिरवायची किल्ली नाही, सरकवता येणारी वजनं नाहीत. मिळेल तसं खेळायचं.

आता स्टेन्सनच्या हातात याच क्लबला एवढं महत्त्व का आलं, ते. गॉथेनबर्गचा हा खेळाडू २००१ मध्ये बेल्फ्रीवर बेन्सन अँड हेजेस इंटरनॅशनल जिंकला, युरोपियन टूरवरचं त्याचं पहिलंच जेतेपद. त्याच वर्षी के क्लबवरच्या युरोपियन ओपनमध्ये टीवरून चेंडू इतका भरकटू लागला की नऊ होलनंतर तो मैदान सोडून गेला. पीट कॉवेन या प्रशिक्षकासोबत स्विंग पुन्हा उभा करायला काही हंगाम गेले. २००६ मध्ये त्याच के क्लबवर रायडर कपचा (युरोप विरुद्ध अमेरिका लढतीचा) विजयी पट, म्हणजे होलभोवतीच्या ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालणारा फटका, त्याच्या पटरमधून गेला. २००९ मध्ये सॉग्रासवर शेवटच्या दिवशी ६६ मारून त्याने प्लेयर्स चॅम्पियनशिप घेतली. मग पुन्हा घसरण, आणि २०१२ च्या सुरुवातीला जागतिक क्रमवारीत २३० च्या आसपास. म्हणजे टीवरचा भरवसा गमावणं काय असतं, हे त्याने एकाच कारकिर्दीत दोनदा भोगलं आहे. अशा माणसाला दर वेळी तीच उंची आणि तीच दिशा देणारा क्लब सापडला, तर तो बदलत नाही. कंपनी दर वर्षी नवे थ्री-वूड काढत राहिली, ड्रायव्हर त्याने बदलले, पण १३ अंशांचा डायब्लो ऑक्टेन टूर आणि त्यातला ग्राफॅलॉय ब्लू शाफ्ट बॅगेत टिकून राहिला.

२०१३ हा या जोडीचा सोन्याचा हंगाम. म्युरफील्डच्या ओपनमध्ये दुसरा, ओक हिलच्या पीजीएमध्ये तिसरा, मग डॉइश बँक चॅम्पियनशिप जिंकली. कॉनवे फार्म्सवर रागाच्या भरात त्याने ड्रायव्हर आपटला आणि हेड तुटून वेगळं झालं. लगेचच्या स्पर्धेत, ईस्ट लेकवर, टूर चॅम्पियनशिप आणि फेडएक्स कप (अमेरिकी टूरचा हंगामी किताब) एकदम. वर्ष संपता संपता दुबईत २५ अंडर (पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, २५ कमी) मारून जेतेपद आणि रेस टू दुबई (युरोपियन टूरचा हंगामी किताब) सुद्धा. फेडएक्स कप आणि रेस टू दुबई एकाच वर्षी घेणारा तो पहिला. आणि २०१६ मध्ये रॉयल ट्रूनचं ओपन: ६८, ६५, ६८, ६३, एकूण २६४, पारपेक्षा २० कमी. शेवटच्या फेरीत दहा बर्डी (होल पारपेक्षा एक फटका कमी) आणि दोन बोगी (एक फटका जास्त). फिल मिकलसन ६५ मारूनही तीन फटके मागे राहिला. स्वीडनच्या पुरुष खेळाडूचं ते पहिलं मेजर (चार सर्वोच्च स्पर्धांपैकी एक) होतं.

या यशात क्लबचा वाटा किती? अतिशयोक्ती नको. ट्रूनच्या पंधराव्या होलवर ग्रीनबाहेरून आत गेलेला लांबलचक पट थ्री-वूडने मारलेला नव्हता, आणि आठव्या ‘पोस्टेज स्टॅम्प’वरची बर्डीही नाही. पण वाऱ्यात, अरुंद फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर), ड्रायव्हर बॅगेत ठेवून फारसं अंतर न गमावणं हा स्टेन्सनच्या खेळाचा पाया आहे, आणि त्या पायाची मापं या क्लबमध्ये दिसतात.

थ्री-वूडचा नेहमीचा लॉफ्ट १५ अंश. इथे १३. हे दोन अंश चेंडूचा उड्डाणकोन खाली आणतात आणि फिरकी मिनिटाला काहीशे फेऱ्यांनी कमी करतात. ट्रॅकमॅन या मापनयंत्राच्या जुन्या सरासरीनुसार पीजीए टूरवरचा खेळाडू थ्री-वूड ताशी १०७ मैलांनी फिरवतो. चेंडूचा वेग १५८, उड्डाण ९.२ अंश, फिरकी ३६५५ फेऱ्या, कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) २४३ यार्ड. ही सगळी मापं चेंडूवर जवळपास ३ अंश खाली येत केलेल्या फटक्याची आहेत. स्टेन्सनसारखा जोरकस मारणारा १५ अंशांचा क्लब असाच फिरवतो तेव्हा फिरकी वाढते, समोरच्या वाऱ्यात चेंडू वर चढतो आणि तिथेच मरतो. १३ अंशांनी तीच ताकद पुढे वळते. शाफ्ट साधारण ४३ इंचांचा, ड्रायव्हरपेक्षा दोनेक इंच आखूड, म्हणून फेसच्या मध्यावर चेंडू बसण्याची शक्यता जास्त. शिवाय ड्रायव्हरपेक्षा लॉफ्ट जास्त असल्याने फेस थोडा उघडा-मिटला तरी चेंडू कमी वाकतो.

उलट बाजू तितकीच खरी आहे. हेडचा वेग ९० च्या घरात असेल तर कमी लॉफ्टचा फायदा मिळतच नाही. चेंडू खालून जातो, फिरकी अपुरी पडते आणि कॅरी आखूड राहते. अशा खेळाडूला १५ किंवा थेट १६.५ अंशांचा क्लब जास्त लांब जाईल. हे मानायला जड जातं, पण लाँच मॉनिटरवर (चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) दहा-दहा फटके मारून बघा. उड्डाण ९ अंशांच्या खाली आणि फिरकी २५०० च्या खाली सतत येत असेल, तर हे हेड तुमच्यासाठी बनलेलं नाही.

टीवर मारताना चेंडूचा वरचा एक-तृतीयांश भागच क्राउनच्या (हेडच्या माथ्याच्या) वर दिसावा. म्हणजे टी जमिनीपासून साधारण एक-दीड सेंटीमीटर. ड्रायव्हरच्या सवयीने टी उंच लावली की चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागतो, उंच उडून आखूड पडतो आणि क्राउनच्या रंगावर कायमची खूण ठेवून जातो. जुन्या हेडवर अशा खुणा हमखास दिसतात. खेळावर परिणाम नाही, किंमत कमी करून मागायला मात्र चांगलं कारण. चेंडू डाव्या टाचेच्या आत दोन-तीन सेंटीमीटर ठेवा. फेअरवेवरून मारायचा असेल तर अजून एका चेंडूइतका मागे, आणि लाय (चेंडू गवतावर कसा बसला आहे ते) स्वच्छ असेल तरच. थोडा जरी खड्ड्यात किंवा लांब गवतात बसलेला असेल तर १३ अंशांनी तो उचलायचा प्रयत्न म्हणजे टॉप (चेंडूच्या डोक्यावर लागलेला) किंवा जमिनीला लागून मेलेला फटका. मनगटांनी चेंडू वर काढायला गेलात की हे अजून बिघडतं, कारण त्या हालचालीत क्लबचा सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो.

जुना घेताना सर्वात महत्त्वाची तपासणी फेसची. वूडचा फेस सपाट नसतो. टाचेपासून (शाफ्टकडच्या बाजूपासून) टोपर्यंत (लांबच्या बाजूपर्यंत) त्याला हलका फुगवटा असतो. टोच्या बाजूला लागलेला चेंडू उजवीकडे निघतो आणि तिरक्या फिरकीने परत मध्याकडे वळतो, तो या फुगवट्यामुळेच. हजारो फटक्यांनंतर पातळ स्टील आत दबतं. स्टीलची सरळ पट्टी फेसवर आडवी धरा. ती मध्यावर टेकली पाहिजे आणि दोन्ही टोकांशी सारखी फट दिसली पाहिजे. मध्येच उजेड दिसला, तर फेस खचला आहे. अशा हेडने टोच्या बाजूचा फटका पुरेसा उजवीकडे निघतच नाही, मग फिरकी त्याला डावीकडे रफमध्ये (लांब गवतात) घेऊन जाते. (डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी.) हीच पट्टी उभी धरूनही बघा. नंतर फेस आणि बॉडीच्या जोडावर, विशेषतः टोच्या बाजूला आणि खाचांच्या टोकांशी, नखाने चाचपून बारीक भेग शोधा. भेग गेलेल्या हेडचा आवाज बद्द होतो आणि चेंडूचा वेग दोन-चार मैलांनी घसरतो. हेड हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली तर घाबरू नका. बहुतेक वेळा आतला सुटलेला गोंदाचा तुकडा असतो आणि तो काढता येतो.

सोलवर १३ छापलं म्हणून हेड १३ चंच असतं असं नाही. कारखान्यातून एक अंश इकडे-तिकडे निघणं सर्रास आहे. स्टेन्सनसारख्यांना मिळणारी हेड मोजून निवडलेली असतात, तुमच्या हाती येणारं तसं नसतं. क्लब दुरुस्तीवाल्याकडून लॉफ्ट आणि फेस अँगल मोजून घ्या. फेस एक अंश उघडा असेल आणि तुम्ही हातांनी तो लक्ष्याकडे सरळ करून उभे राहत असाल, तर प्रत्यक्ष लॉफ्ट साधारण तेवढाच घटतो, म्हणजे १३ चे १२. त्यातून फेअरवेवरून मारणं जवळपास अशक्य. उलट मोजून १४ निघालं तर मी त्याला दोष मानणार नाही. चांगल्या क्लब खेळाडूसाठी ते अधिक उपयोगी हेड आहे.

शाफ्टबद्दल लोक उगाच हट्ट धरतात. ग्राफॅलॉय ब्लू जुना आहे, तो शोधत बसण्यात अर्थ नाही. स्टेन्सनच्या वेगासाठी, त्याच्या लयीसाठी तो बसला होता. तुमच्या वेगाला बसणारा, सध्याच्या ड्रायव्हरच्या शाफ्टपेक्षा ५ ते १० ग्रॅम जड असा निवडा. बदलताना तीन गोष्टी बिघडतात. एक, हेड गरम करून हातानेच पिळून काढण्याचा मोह. ग्रॅफाइटचे धागे पिळले की शाफ्ट गेला. शाफ्ट पुलर वापरा, सरळ रेषेत ओढा, उष्णता होझेललाच द्या. दोन, टिपची (शाफ्टच्या खालच्या टोकाची) जाडी न मोजता शाफ्ट मागवणं. वूडसाठी ०.३३५ इंच नेहमीचं माप आहे, तरी जुना काढल्यावर छिद्र साफ करून कॅलिपरने मोजा. तीन, टिपवरचा रंग खरवडताना धाग्यांपर्यंत जाणं. फक्त वरचा थर काढा, इपॉक्सी लावा आणि चोवीस तास हात लावू नका.

लांबी बदललीत तर वजनाचा तोल बदलतो. अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप) साधारण तीन अंकांनी उतरतो. तो परत आणायला सोलवर सहाएक ग्रॅम शिशाची पट्टी लागते, कारण दोन ग्रॅमला एक अंक. पट्टी टाचेकडे लावली तर फेस जरा लवकर मिटतो. स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) मारणाऱ्याला याची मदत होते, पण त्याने फार अपेक्षा ठेवू नये.

आजच्या क्लबांशी तुलना करायची तर मध्यावर लागलेल्या फटक्यात हा क्लब लाजवत नाही. फरक पडतो फेसच्या खालच्या भागात. आताच्या फेअरवे वूडमध्ये कप फेस (कडांवरून मागे वळवलेला फेस), हलका कार्बन क्राउन आणि खाली आणलेलं वजन असतं, त्यामुळे पातळ लागलेला चेंडूही बऱ्यापैकी जातो. या हेडने तो पंधरा-वीस यार्ड आखूड पडतो. टीवरून हा दोष झाकला जातो, गवतावरून उघडा पडतो.

विकत घेण्याआधी बॅगेतली बाकीची मांडणीही बघा. १३ अंशांच्या खाली थेट १९ अंशांचा फाइव्ह-वूड असेल तर मध्ये अंतराची मोठी दरी पडते, आणि लांब पार पाचवर दुसरा फटका नेमका तिथेच येतो. त्यासाठी १६-१७ अंशांचा फोर-वूड किंवा कमी लॉफ्टचा हायब्रिड (वूड आणि लोखंडाच्या मधला क्लब) ठेवावा लागतो, आणि चौदा क्लबांच्या मर्यादेत त्याची जागा बहुधा एखादा वेज (आखूड फटक्यांचा क्लब) सोडूनच मिळते. ड्रायव्हर १०.५ अंशांचा असेल तर प्रश्न वेगळाच. १३ अंश आणि तो, दोन्हींच्या अंतरात फारसा फरक उरणार नसेल, तर दोघांपैकी एक कशाला वाहायचा हे घरी यार्ड मोजून ठरवा.