केशरी की नारिंगी?

रेशनकार्ड केशरी असतं, पण इंद्रधनुष्याच्या ‘तानापिहिनिपाजा’तला ‘ना’ नारिंगीचा. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच. शब्दांची कुळं मात्र निराळी.

संस्कृतात ‘केसर’ म्हणजे केस, आयाळ, फुलातला तंतू. म्हणून सिंह केसरी, आणि महाराष्ट्र केसरीच्या गदेचा रंगाशी काही संबंध नाही. रंगाचा शब्द आला तो केशर या मसाल्यातून. गंमत अशी की काडी गडद लाल आणि तिचं पाणी सोनेरी पिवळं. शब्दातला भगव्याजवळचा रंग दोन्हींत नाही. दहा-बारा काड्या दोन चमचे कोमट दुधात वीस मिनिटं ठेवा. रंग सावकाश उतरायला हवा. तो झटकन लाल उतरला आणि काडी पांढरी पडली, तर ती रंगवलेली आहे. अस्सल केशराने साखरभात पिवळाच होतो. भडक दिसला तर खायचा रंग समजावा.

‘नारिंगी’ फळावरून. ‘नारङ्ग’ बहुधा द्राविडी भाषांतून संस्कृतात आला, पुढे फारसी-अरबीमार्गे युरोपात गेला, वाटेत ‘न’ गळून ‘ऑरेंज’ झाला. इंग्रजीत तो रंगासाठी रुळला १६व्या शतकात. फळ पिकलं तरी रात्री गार झाल्याशिवाय सालीतलं हरितद्रव्य नीट जात नाही, त्यामुळे गोड संत्रंही हिरवट असू शकतं.

कापड सांगताना पिवळ्या-तांबड्याच्या बरोबर मधली छटा हवी असेल तर नारिंगी म्हणा. केशरी म्हटलंत की दुकानदार झेंड्यापासून आमरसापर्यंत काहीही काढतो.