कंबर सांभाळणारा घोडा: फॉक्स ट्रॉटर, मारवाडी की काठियावाडी?

घोडबंदर रोडवर रोज दीड तास अडकणाऱ्या ठाणेकराला त्या नावातला घोडा सहसा आठवत नाही. माझ्या मेहुण्याला मात्र आठवला. मुरबाडकडे दोन एकर घेतल्यापासून त्याचं एकच टुमणं: घोडा घ्यायचा. वय 52, मणक्याचं दुखणं जुनं, आणि शिकायला उत्सुक असलेली 11 वर्षांची लेक. यूट्यूबवर त्याने मिसुरी फॉक्स ट्रॉटर हा मऊ चालीचा अमेरिकी घोडा पाहिला आणि हटून बसला, "घेतला तर हाच."

त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. साधा घोडा दुडकीवर आला की एक पुढचा आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा असे दोन पाय एकदम पडतात, मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात आणि मग स्वार आपटतो. कंबर जाते ती इथे. फॉक्स ट्रॉटरचे पायही तिरपेच पडतात, पण पुढचा पाय मागच्याच्या किंचित आधी टेकतो. दोन ठोक्यांचे चार होतात, झटका विरघळतो. पुढून चालतोय, मागून दुडकतोय असं दिसतं आणि मान तालावर डुलते. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी हा घोडा दिवसभराच्या रपेटीसाठी आणि गुरं वळण्यासाठी तयार केला. त्यांची संघटना 1948 सालची. घरातलं कुणीही बसेल असा शांत जीव हवा होता, म्हणून तसाच निवडत नेला. तिथले वनरक्षकही तो वापरतात. खांद्यापर्यंतची उंची साधारण 56 ते 64 इंच. पण तो मुरबाडला आणायचा म्हणजे विमान, क्वारंटाइन, कागदपत्रं, आणि वर आपला दमट पावसाळा. हौसेपोटी कुणी एवढं करत नाही. मी तरी करू देणार नाही.

आपल्याकडे याला उत्तर आहे: रवाल. मारवाडी आणि काठियावाडी या दोन्ही जातींतल्या अनेक घोड्यांना ही चाल उपजत असते. एका बाजूचे पाय पाठोपाठ, चार वेगळे ठोके, एक तरी पाय कायम जमिनीवर. एका ओळखीच्यांच्या मारवाडी घोडीवर मी कच्च्या रस्त्याने अर्धा तास बसलो आहे. रिकिबीत उठबस करावी लागली नाही. पण चाल मऊ म्हणजे स्वभाव मऊ नव्हे, हेही त्याच अर्ध्या तासात कळलं. कुंपणावर वाळत घातलेली निळी ताडपत्री फडफडली आणि ती अशी बाजूला सरकली की माझी टोपी तिथेच राहिली. मारवाडी हा लढाईचा घोडा. टोकं एकमेकांना भिडणारे कान, ताठ मान, 60-64 इंचांचा रुबाब. हात बसलेल्या स्वाराला तो सोनं आहे. मणका दुखणाऱ्या नवशिक्याला त्याचा ताप जास्त.

काठियावाडी त्याचाच सौराष्ट्रातला भाऊबंद. कान आणखी वळलेले, बांधा आटोपशीर, उंची सहसा 60 इंचांच्या आत. रक्त यालाही गरम, पण पडलात तर निदान कमी उंचीवरून पडाल! गुजरात पोलीस तो वापरतात, म्हणजे गर्दीला आणि हॉर्नला तो सरावू शकतो. थोड्या जाणत्या वयाची, कामाला लागलेली घोडी मिळाली तर माझं मत इकडेच झुकतं.

आपल्या दख्खनचं छोटं भीमथडी तट्टू काटक आणि कमी खाणारं. मुलीला उत्तम, पण मेहुण्याच्या 88 किलोंना नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच हवं. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो म्हणून भुलू नका. त्याला पळायला शिकवलेलं असतं, थांबायला नाही.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेलात तर देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा), पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं), नुकरा (पांढराशुभ्र) हेच शब्द कानावर पडतील आणि भाव त्यावरच चढेल. भोवऱ्यांनी आणि रंगांनी कंबर वाचत नाही. ढोलावर नाचवलेला घोडाही नको. लगाम ताणला की पुढचे पाय उचलायचे हेच त्याला शिकवलेलं असतं, आणि घाबरलेलं मूल नेमका लगामच ताणतं. त्याऐवजी मालकाला स्वार व्हायला सांगा, बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा आणि ठोके मोजा. चार आले तर पुढचं बोला. मग चारही खूर उचलून बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तबेला ओला राहिला तर खुराचा तळ कुजतो आणि वास मारतो. जुनं दुखणं तिथेच सापडतं. रक्त पिणाऱ्या माश्यांमुळे होणाऱ्या सर्रा या रोगाची रक्ततपासणीही करून घ्या. आणि नालबंद व घोड्यांचा डॉक्टर मुरबाडपर्यंत यायला तयार आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा. आमच्याकडे याच प्रश्नावर दोन महिने गेले.

मेहुण्याने शेवटी नऊ वर्षांची काठियावाडी घोडी पसंत केली. रंग मातकट, पंचकल्याणी नाही, देवमण आहे की नाही ते त्याने पाहिलंच नाही. लेक पाठीवर असताना शेजारून ट्रॉलीसकट ट्रॅक्टर गेला. घोडीने एक कान तिकडे फिरवला आणि गवत चावत राहिली.