पायोसॉल्व्हर आणि कॉल न सोडणारे कोल्हापूरकर

पायोसॉल्व्हर हे पोकरच्या अभ्यासाचे सॉफ्टवेअर घ्यावे का, असे राजारामपुरीतले पोकरवेडे मित्र अधूनमधून विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोन्ही खेळाडूंच्या रेंज (म्हणजे त्यांच्या हातात असू शकणारे सगळे पत्ते), पॉट (मधे जमलेल्या चिप्स), उरलेल्या चिप्स, फ्लॉप (टेबलावर उघडलेली पहिली तीन पाने) आणि बेटचे आकार आपण भरायचे. मग समोरचा कितीही हुशार असला तरी ज्यातून त्याला फारसे काही उकळता येणार नाही, अशी दोन्ही बाजूंची समतोल खेळी ते काढून देते आणि तीत अजून किती फट उरली आहे तेही दाखवते. हिशेब दोघांतल्या डावाचाच होतो. डावात तिसरा राहिला की त्याचा आधार संपतो.

अडचण अशी की आमच्याकडचे बहुतेकजण तीन पत्ती खेळत पोकरकडे आलेले आहेत आणि शेवटी समोरच्याचे पत्ते पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून ते कॉल करतात, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढ्या चिप्स भरतात. रिव्हरवर, म्हणजे शेवटचे पाचवे पान उघडल्यावर, 1000 चिप्सच्या पॉटमध्ये 1000 ची बेट लावायची असेल, तर समतोलात साधारण दोन भक्कम हातांमागे एक ब्लफ (कमकुवत हातावर लावलेली बेट) असतो आणि समोरचा निम्म्या वेळा फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकतो; त्यामुळे ब्लफचा हिशेब शून्यावर येतो. आमचा गडी मात्र पाचात एकदाच फोल्ड करतो. अशा माणसापुढे प्रत्येक ब्लफ सरासरी 600 चिप्स घालवतो, आणि तरीही समतोल राखत बसणे हा माझ्या मते निव्वळ हट्ट आहे.

या सॉफ्टवेअरची खरी किंमत म्हणूनच मला नोडलॉकिंगमध्ये, म्हणजे एखाद्या टप्प्यावरची समोरच्याची खेळी आपणच ठरवून देण्यात, दिसते. समोरच्याची रिव्हरवरची सवय आपण पक्की करून दिली, की सॉफ्टवेअर ब्लफ काढून टाकते आणि एरवी चेक केले असते (बेट लावलीच नसती) अशा मध्यम जोड्याही बेट करू लागते. मात्र हे उत्तर डोळे झाकून घेऊ नये. एकच टप्पा लॉक केला तर संगणकातला प्रतिस्पर्धी तो दोष ओळखून फ्लॉप आणि टर्नवरची (चौथ्या पानावरची) स्वतःची खेळी सुधारून घेतो. प्रत्यक्षातला माणूस असे काही करत नाही, म्हणून आधीचे टप्पेही लॉक करावे लागतात. शिवाय फोल्डचे प्रमाण 50 ऐवजी 49 टक्के भरले तरी ब्लफ जवळजवळ बंदच करा, असा टोकाचा सल्ला मिळू शकतो. एवढ्याशा फरकावर खेळ बदलणे धोक्याचे आहे, कारण पट काढायला वाकलेल्या पैलवानाची मान जशी उघडी पडते, तशी आपलीही बाजू उघडी पडते: आपण ब्लफ करत नाही हे एकदा टेबलाच्या ध्यानात आले, की चांगल्या हातांनाही कॉल मिळेनासा होतो.

मोठी गणिते करायला संगणकाची मेमरी भरपूर लागते. आमचा खेळ बिनपैशाचा असल्याने सॉफ्टवेअरचा खर्च ऑनलाइन जिंकून काढू, असे कोणी म्हणेल, तर 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन पोकर देशात बंद केले आहे.

अभ्यासाची आवड असेल तर जरूर घ्यावे, परंतु त्याआधी काही महिने रिव्हरवर कोणी काय दाखवले याची वही ठेवावी. ती नसेल तर लॉक करताना भरायला आपल्याजवळ अंदाजापलीकडे काहीच नसते.