काट्यावर तोललेले छर्रे: सात महिन्यांनंतर

मागच्या आठवड्यात कुरिअरने आलेला डबा उघडला आणि एअर रायफलच्या पाचशेतल्या एकसष्ट छर्‍यांचे घेर, म्हणजे मागची पोकळ कडा, चेपलेले निघाले. विकणार्‍याला फोन केला तर म्हणाला, "शिशाचा माल आहे, थोडंफार चालतंच. आणि डबा उघडलाय तुम्ही, आता परत घेता येत नाही." न उघडता आतला माल चेपलाय हे मला कसं कळावं? तीन दिवस फोन केले, फोटो पाठवले, उपयोग शून्य. पावणेतीन तोळे शिसं वाया गेलं. तोळ्यात बोलतोय, कारण आमचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा. विट्यात अर्ध्या गावाचा हाच.

लेक दहा मीटर एअर रायफल मारते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुसाळेंच्या स्वप्नीलने कांस्य मिळवलं तेव्हापासून तिने हट्ट धरला होता. त्यांची पन्नास मीटरची पॉइंट टू टू इंच नळीची रायफल, आपली पॉइंट वन सेव्हन सेव्हनची, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा तिथपर्यंत जातो म्हटल्यावर विट्यातल्या पोरीला काय सांगणार? रायफल चांगली आहे, तिच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय ते छर्‍यांबद्दल, कारण रायफल एकदाच घेतली, छर्रे दर आठवड्याला घ्यावे लागतात. रोज ऐंशी, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे पाचशेचा डबा आठवडाभरात संपला. मॅचचा, म्हणजे स्पर्धेच्या मालाचा डबा साध्या डब्याच्या तिप्पट किमतीला पडतो. मग माझं डोकं चालायला लागलं: स्वस्त डबा घ्यायचा आणि त्यातले चांगले आपण निवडायचे.

तोलायचा काटा घरातच होता, मिलिग्रॅम दाखवणारा. एका मॅच छर्‍याचं वजन ०.५३ ग्रॅम, म्हणजे ८.२ ग्रेनच्या आसपास. तोळा १८० ग्रेनचा, तेव्हा बावीस छर्रे म्हणजे बरोबर एक तोळा. हे जुळल्यावर मला वाटलं, हे काम आपलंच. अमेरिकेत असलेला पुतण्या फोनवर म्हणाला, तिकडे हरणाच्या शिकारीला जाणारे काडतुसं घरीच भरतात, दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत मोजतात, दीडशे ग्रेनची गोळीसुद्धा तोलून घेतात. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. देवराष्ट्र्याच्या एका पाव्हण्याने मागेच विचारलं होतं, "दोन रात्री रायफल द्या की, सागरेश्वरच्या अभयारण्यातनं हरणं येत्यात, शाळू खाऊन टाकल्यात." त्यांचं नुकसान खरं आहे, रात्र रात्र राखण करतात बिचारे. पण मी नाही म्हणालो. ही रायफल कागदावर नेम धरायची. हरणावर मारली तर ते मरत नाही, जखमी होऊन हाल हाल होतात.

तर पहिले तीन महिने रोज रात्री जेवणानंतर मी छर्रे तोलत बसायचो. स्वस्त डब्यात ०.५१८ पासून ०.५४१ ग्रॅमपर्यंत फरक. महाग डब्यात ०.५२८ ते ०.५३२. वजनाप्रमाणे चार डब्या केल्या, वर चिठ्ठ्या लावल्या. हात साबणाने धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही हा नियम घरात आधीपासूनच आहे, शिशाचं काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. तेव्हा मी तीन-चार जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं की महाग डबा घेऊ नका, काटा घ्या.

ते आता मागे घेतोय.

झालं असं की वखारीत दहा मीटर मोजून, जाड लाकडी बाकावर शिकंजा बसवला, जबड्यांना नमदा लावला आणि रायफल घट्ट धरून दहा-दहा छर्रे मारून बघितले. भोकांच्या बाहेरच्या कडा धरून मोजलं तर न तोललेल्या स्वस्त मालाचा ग्रुप, म्हणजे दहा भोकांचा मिळून पसारा, साडेआठ मिलिमीटर. तोलून एकाच वजनाचे घेतले तर ८.२. तीन महिन्यांच्या रात्रींची कमाई ०.३ मिलिमीटर! मी कागद परत परत बघत होतो. लेक शेजारी उभी होती, ती म्हणाली, "पप्पा, भोकं आडवीपण पसरलीत. वजनामुळे असती तर नुसती खाली-वर गेली असती ना?"

पोरगी बरोबर बोलत होती. वहीत हिशोब मांडला. छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने जातो, तेवढ्या वेळात दहा मीटरवर सोळा-सतरा मिलिमीटर खाली येतो. दहा मिलिग्रॅम फरकाने वेग साधारण एक टक्का बदलतो आणि छर्रा एक तृतीयांश मिलिमीटर वर किंवा खाली लागतो, बस्स. आडवा पसारा दुसर्‍याच कारणाचा.

ते कारण छर्‍याच्या डोक्याचं माप. डब्यावर ४.४९, ४.५० असं छापलेलं असतं, त्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. शंभरावा हिस्सा मिलिमीटर, त्याने काय होणार असं वाटायचं. महाग मालातला ४.५० मारला, ग्रुप ६.३. त्याच कंपनीचा ४.४९ मारला, ग्रुप ५.४. छर्रा स्वतःच साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे दहाही जवळजवळ एकाच भोकातून गेले. तुमच्या नळीला ४.५० किंवा ४.५१ जमेल, सांगता येत नाही. पुतण्या काडतुसांबद्दल हेच म्हणाला होता, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ज्या रायफलीने मारायचं तिच्यावरच तपासा. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. छर्रे बदलल्यावर पहिले वीस-तीस मोजू नका, नळीला नव्या मालाची सवय व्हायला तेवढे लागतातच.

चेपलेल्या घेराचेही दहा मारून बघितले: ११ मिलिमीटर. घेर वाकडा असला की नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा कलतो. म्हणून त्या विकणार्‍याचं "थोडंफार चालतंच" मला इतकं लागलं. ऑलिंपिकच्या दहा मीटरच्या निशाणात मधला, दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर, आणि आता गुण दशांशात, पाव मिलिमीटरला ०.१ जातो. साठ फैरींत सगळ्या १०.९ लागल्या तर ६५४. जिल्ह्याच्या निवडीत पोरीचं नाव दोन दशांशांनी हुकलं होतं. त्या दिवशी ती गाडीत विट्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. छर्‍यामुळेच हुकलं असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी डब्यात माझ्या तोललेल्यांपैकी होते आणि ते मला विसरता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर रोजच्या सरावाला अजून स्वस्तच वापरतो. साडेआठचा ग्रुप म्हणजे नेम मधोमध असेल तर छर्‍याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून दोनेक मिलिमीटरवरच राहतो, कडा ठिपक्याला टेकते, दहा लागतातच, दशांश तेवढे जातात. उभं राहणं, श्वास, घोडा दाबणं या गोष्टी त्यावर शिकता येतात. शेवटचे वीस आणि स्पर्धेचा आठवडा मात्र ४.४९ वर. महिन्याला एक महाग डबा, बाकी साधे. काटा आता तोलायला काढत नाही. भिंग मात्र काढतो, घेर बघायला, प्रत्येक छर्रा उलटा धरून.

लॉटचा नंबर डब्याच्या बुडाला असतो. ज्या लॉटने ५.४ दिला त्याचे अजून तीन डबे मिळतात का बघतोय, पुढचा लॉट त्याच मापाचा असला तरी तसाच निघेल याची खात्री नाही. सांगलीत एका दुकानात दोन आहेत म्हणून कळलंय. कुरिअर नको, रविवारी मोटरसायकलवर स्वतः जाऊन आणतो, भिंग खिशात घेऊन.